चुंगड्याच्या खोलीचे फायदे

— नाई नाई, आत नका जाऊ बाई, झोपले आहेत आत. इथीच बसा, निंबाखाली. ऊन लागते तर लागू द्या, मलेही लागूनच राह्यलं आहे. फायदे इचारले ना तुमी — चुंगड्यात, पोत्यात म्हणा, माती भरून घर बांधलं तर काय मिळते? घ्या, भरा तुमच्या संस्थेच्या मोबाइलात.

पयला फायदा, थंडावा. खताची रिकामी चुंगडी, त्यात बांधावरचा मुरूम, वरून धुमसानं ठोकायचं, दोन थरांच्या मधात काटेरी तार, अन् शेवटी धानाचं तणस कालवलेल्या मातीचं लिपण — लिपण लवकर करा लागते, नाईतर उन्हानं चुंगडी फाटते, हेही लिहा. आमी दोघांनीच बांधली, मी अन् धनराजनं. नवऱ्याचं नाव घेतलं, हो, घेतलं. हातावरची मेंदी गेली नव्हती अन् हातात धुमस. काऊन? तर सासऱ्याच्या घरी एकच खोली, मधात लुगड्याचा पडदा, अन् पडद्यापलीकडं सासू जागी. म्हणून बांधली — हे नका लिहू.

सारं गाव हासलं. सगळ्यात जास्त माझा भासरा, पत्रूभाऊ, यांचा मोठा भाऊ. ते गुलाबी स्लॅबचं घर दिसते ना, ते त्याचं. मले म्हणे, 'काय चुंगड्याची राणी, पूर येऊन राह्यला का?' अन् मंग वैशाख लागला, स्लॅब तापला तव्यावानी. पयले सासरे आले बाज घेऊन — म्हातारे माणूस, त्यांचं मी काई म्हणत नाई. मंग सासू. मंग जाऊ अन् तिचे लेकरं. अन् एका दुपारी भासरा सोता. उशी घेऊन.

दुसरा फायदा, भिंत जाडी. आतलं बोलणं बाहीर ऐकू येत नाई. पण बोलणार कोण? भासरा आत असला की लहान सुनेनं आत पाय ठेवायचा नाई, आमच्यात तसंच आहे. माझी खोली, अन् मीच बाहीर. आमचे हे झोपतात भावाच्या गच्चीवर. यांना म्हटलं तर म्हणतात, असू दे ना, पाणी पडलं की जातील. कुठी जातील? पावसाळ्यात तो स्लॅब गळते बाई. आमच्या खोलीत थेंब येणार नाई. तिसरा फायदा.

हासता काऊन? लग्न झालं तवापासून नवऱ्यासंग भांडाले जागा नाई मिळाली मले. भांडणच किती साचलं आहे. अन् नुसतं भांडणच साचलं असं... जाऊ द्या.

थांबा. खोकला ऐकला? भासरा उठला. निघायच्या आधी दारात येऊन खोकलते, म्हणजे मी पदर घेऊन आडोशाले व्हावं. या इकडं, मागं या... गेला. बैलाले पाणी पाजाले चालला. बाकीचे सारे तेंदूपत्ता द्यायले गेले आहेत. खोली रिकामी आहे बाई.

म्हणजे — मी आत असली तर त्यालेही येता येत नाई. नाई का? रिवाज त्यालेही लागते. इतके दिवस मी अशी बाहीर बसून राह्यली, अन् हे डोक्यातच आलं नाई.

उठा. फोटो नंतर. रस्त्यानं आमचे हे भेटले तर सांगा, रीता आत आहे, कडी लावून. यांनी हाक मारली तर उघडीन. दुसऱ्या कोणाले नाई. जा तुमी आता.