आयेचो शालू

…नाही, मला एवढंच सांगा, पोर बोलत नाही म्हणून आईनं अंथरुणात नुसतं कुशीवर कुशी बदलत पहाट करावी आणि शेजारी नवऱ्यानं द्रौपदीचे संवाद बडबडत खुशाल घोरावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? म्हणजे आमची आनंदी घरात बोलते हो, कोंबड्यांशी बोलते, माडाशी बोलते. पण परकं माणूस दिसलं की ओठ असे मिटते, जसा काही शिंपलाच! शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितलंय, "वहिनी, जूनमध्ये तोंड उघडलं तर पहिलीत, नाहीतर पुन्हा बालवाडी." आता मी बी.ए. झालेली, फोंडाघाटच्या मास्तरांची मुलगी… मला वाटायला लागलं, माझंच काही चुकलं. फार पुस्तकं वाचली का मी पोटुशी असताना? की कमी वाचली?

आणि सासरे, दाजी, ते काय म्हणाले असतील? "गो सूने, आमच्या घराण्यात मुक्या कोण जन्माक येवचा नाय! चेडवाक रंगार उभी कर, आपसूक बोलतली!"

रंगावर, म्हणजे नाटकात! कारण आमच्या घरची दशावतारी नाटक कंपनी. लग्न ठरवताना वडील म्हणाले, "कलावंतांचं घर आहे." हो, आहे ना! कंपनीला यंदा पन्नास वर्षं झाली, तर दाजींनी ठरवलं की देवळाच्या मंडपात भरदुपारी सोहळा करायचा आणि कंपनीच्या इतिहासातले मोठमोठे क्षण पुन्हा करून दाखवायचे. मोठमोठे क्षण! ऐका तर मग, काय काय ते.

क्षण पहिला, स्थापना. दाजींचे वडील दुसऱ्यांच्या कंपनीत राजा करायचे. एकदा जेवणात त्यांच्या पानात बांगड्याचा शेपटीकडचा तुकडा पडला. झालं! "मी राजा, आणि माका शेपूट?" म्हणून डोक्यावरच्या मुकुटासकट उठले, तसेच उष्ट्या हातानं घरी आले आणि स्वतःची कंपनी काढली. बांगड्यावरून! शी! आणि हा म्हणे कंपनीचा इतिहास!

क्षण दुसरा, खारेपाटण. दाजी भीम. दुःशासनाचं रक्त प्यायचं होतं, तर यांनी काय केलं, तोंडात पान कोंबलं, आणि रक्त म्हणून ती पिंक… कुठे टाकली असेल? पुढच्या रांगेत बसलेल्या गावच्या मानकऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर! वर म्हणाले, "धन्य तुमी! महाभारताचा रक्त अंगार घेतलात!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! ते धोतर म्हणे मानकऱ्यांनी कधी धुतलंच नाही. शी! आणि हा म्हणे कंपनीचा इतिहास!

आणि तिसरा क्षण… तिसरा क्षण म्हणजे माझा शालू. आमचे हे, सदानंद, कंपनीत बायकांची कामं करतात. करतात छान, मी नाही म्हणत नाही. माझ्यापेक्षा नीट पदर घेतात. पण लग्नाच्या आठवड्यात माझा शालू नेसून द्रौपदी केली यांनी! मला विचारलंसुद्धा नाही! अक्का, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "नशीब समज गो, फोंडाघाटात बायलमाणसां रडली तेका बघून." मीही रडले ना, शालू परत आला तेव्हा! चेहऱ्याच्या रंगाचे डाग, घामाचा भपकारा, आणि पदराला विडीचं भोक! द्रौपदी रंगामागे विडी ओढत होती! आणि कंपनीच्या सामानाच्या पेटाऱ्याला बाईनं हात लावायचा नाही बरं का. म्हणजे माझा शालू रंगावर चालतो, मी चालत नाही. शी!

तर हाच क्षण सोहळ्याला करायचा ठरला. हे द्रौपदी, भीम झेपत नाही म्हणून दाजी दुःशासन, आणि कृष्ण? आमची आनंदी! मुलगी कशी चालते म्हटलं, तर "लहान पोरांक सगळा चलता." आणि अध्यक्ष कोण? हेडमास्तर!

आता, दशावतारात लिहिलेलं काही नसतं. ज्यानं त्यानं आयत्या वेळी बोलायचं. पण मी शिकलेली ना! मी तिला गुपचूप वाक्य घोकवलं. "भगिनी, भिऊ नकोस, मी आलो आहे." आंघोळीला, जेवताना, निजताना… तुम्हाला सांगते, शेवटी कोंबड्यांनाही पाठ झालं असेल.

दुपार. मंडप गच्च. ह्यांनी हाक मारली, "धाव रे कृष्णाऽऽ!" आनंदी आली. मोरपीस लावून उभी राहिली. आणि… ओठ मिटलेले. मी खाली बसून ओठ हलवतेय, "भगिनी… भगिनी…" अक्का चिमटा काढतायत, "गप रव गो!" हेडमास्तर चष्मा पुसतायत. आणि तिकडे कंपनीची रीत अशी की पुढचा बोलेपर्यंत आधीच्यानं थांबायचं नाही! म्हणजे कृष्ण बोलेपर्यंत दाजी ओढतायत, हे गिरक्या घेतायत. वरून नेसलेलं जुनेर गेलं. अक्कांचं लुगडं गेलं. शेवटी राहिला काय? माझा शालू! दाजींनी पदराला हात घातला, ओढला, आणि टर्रर्र…

तर तो शिंपला उघडला की हो! अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं ओरडली, "ओ दाजीनू, सोडा तो! आयेचो शालू आसा! आधीच बाबांनी विडयेन जाळल्यानी! आये रोज पेटयेतसून काढून बघता, नि तुमका 'शी' म्हणता!"

मंडप कोसळायचा बाकी राहिला. मला जमीन पोटात घेईना. हेडमास्तर डोळे पुसत उठले, "पहिलीत! आजच नाव घालतो!" आणि दाजी? दाजींना राग? छे! हातात माझ्या शालूचा तुकडा झेंड्यासारखा धरून गरजले, "बघलात? ह्यो कंपनीचो चौथो क्षण!"

घरी आल्यावर तुकडे जुळवत बसले होते. रडू की हसू कळेना. पोर बोललं होतं हो, आणखी काय हवं आईला? तिला जवळ घेतलं, म्हटलं, "आनू, अशीच बोल हं बाळा, सगळ्यांसमोर. आईला काही सांगायचंय का अजून?"

तिनं माझ्या साड्यांच्या उघड्या पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "आये, फुडच्या नाटकाक ह्यातली खंयची फाडूची?"