पुढच्या रांगेतली भाची

मामा: …म्हणून म्हणतो बाई, ती खुर्ची जरा पुढे ओढा, अशा जवळ या. लांबून ऐकलेली गोष्ट निम्मी वाऱ्यावर जाते. या माझ्या भाचीची अशी कथा सांगतो, की तुमच्या हातातलं पेन जागच्या जागी थबकेल.

बाई: पेन थबकून चालायचं नाही मामा, मला लिहायचंय. आणि मुलाखत हिची आहे. मी हिला विचारणार, ही हातांनी उत्तर देणार, तुम्ही ते तोंडानं सांगणार. एवढंच.

मामा: एवढंच. मी काय, नुसती नळी. वरून ओतलं की खालून बाहेर.

(मुलीला ऐकू येत नाही. ती ओठ वाचते आणि हातांनी बोलते. तिचे हात जे म्हणतात, तेच तिच्या नावापुढे दिलं आहे.)

बाई: बाळ, माझ्याकडे बघ. ओठ दिसतायत ना नीट? ही दिव्यांग मुलांची सरकारी शिष्यवृत्ती आहे. मंजूर झाली तर यंत्रकामाच्या शाळेची फी, वसतिगृह, सगळं सरकार भरेल. अर्ज तू स्वतः केलास?

मुलगी: हो.

मामा: ती म्हणते, "अहो बाई, अर्ज करणारी मी कोण? करता करविता तो वर बसलाय. त्यानं बुद्धी दिली, आईनं धीर दिला, मामांनी बोट धरून या कचेरीच्या पायरीपर्यंत आणलं, आणि पायरीवर…"

बाई: एवढं सगळं एका हालचालीत?

मामा: आमच्या घरच्या खुणा फार दाट असतात.

बाई: असतील. घरी कोण कोण असतं, बाळ?

मुलगी: आई आणि मामा. आई शिवणकाम करते. मामा देवाच्या कथा गातात.

मामा: म्हणते, "वडील लवकर गेले. आई बिचारी सुईच्या नेढ्यातून संसार ओवते. आणि मामा म्हणजे, काय सांगू, कथेला उभे राहिले की दगडाला पाझर फुटतो."

मुलगी: पाझर मी म्हटलेलं नाही.

मामा: म्हणते, "दगडालाच काय, डोंगराला फुटतो."

मुलगी: मामा, या बाईंना हातांची भाषा येते. बघा, हसू दाबतायत.

मामा: म्हणते, "बाईंच्या चेहऱ्यावर काय सात्त्विक तेज आहे."

बाई: आभारी आहे. थांबा, जरा पाणी पिते. हं. आता हे महत्त्वाचं आहे. वसतिगृहात एकटीनं राहायचंय. रोजची कामं स्वतःची स्वतः करतेस?

मुलगी: सगळी. स्वयंपाक, बाजार, कपडे. मामांचे सदरेसुद्धा.

मामा: म्हणते, "कसली कामं आणि कसलं काय. जन्मापासून कानांत शांतता. मागून सायकल आली, कळत नाही. दारावर थाप पडली, कळत नाही. मामांचा हात सुटला की मी म्हणजे वाऱ्यावरचं पान." लिहा ना बाई. पान लिहा.

मुलगी: मामा, काय करताय? रडगाणं नको, असं घरी ठरलं होतं ना आपलं.

मामा: म्हणते, "दया करा."

बाई: मग अडचण आहे, मामा. जिला एकटीनं राहता येत नाही, तिला ते वसतिगृह घेत नाही. नियमच तसा आहे. तुम्ही सांगताय तसं असेल तर हा अर्ज मला इथेच थांबवावा लागेल.

मामा: थांबा, थांबा. पेन खाली ठेवू नका. अहो, हा नुसता पूर्वरंग झाला, खरी कथा पुढेच आहे. ती म्हणते, "पण बाई, ती झाली जुनी गोष्ट. आताशा मी पहाटे उठते, डोंगर चढते, उतरते, नदी पोहून पलीकडे जाते…"

मुलगी: मला पोहता येत नाही.

मामा: "…पोहते कसली, पाण्यावरून चालतेच म्हणा ना."

बाई: पाण्यावरून. लिहिलं. आता सांग बाळ, यंत्रकामाच्याच शाळेत का जायचंय?

मुलगी: मला वस्तू उघडून बघायला आवडतं. मामांची बाजाची पेटी मी दुरुस्त केली. एकेक पट्टी दाबून पेटीवर हात ठेवला. बाकीच्या थरथरत होत्या, एक गप्प होती. उघडली. आत झुरळाची तंगडी अडकली होती. काढली. आणि मामा, थोडक्यात सांगा.

मामा: म्हणते, "ऐन कथेत मामांच्या पेटीनं मौन धरलं. सभा चिडीचूप. मामांनी डोळे मिटले, देवाला आर्त हाक घातली, आणि काय सांगू, अदृश्य बोट फिरावं तशी ती पट्टी आपसूक गाऊ लागली. तो चमत्कार पाहिला आणि मला यंत्रांची गोडी लागली."

बाई: झालं?

मामा: झालं. जसंच्या तसं.

बाई: झुरळाची तंगडी राहिली.

मामा: कसली तंगडी?

बाई: पेटीतली. आणि शेवटचं वाक्यही राहिलं. "थोडक्यात सांगा."

मुलगी: मी सांगत होते, मामा.

बाई: माझ्या वडिलांना ऐकू येत नव्हतं, मामा. तोंडानं बोलायला लागायच्या आधी मी हातांनी भांडायला शिकले होते.

मामा: म्हणजे तुम्हाला… ते तेजाचं म्हटलं तेव्हापासून कळत होतं?

बाई: त्याच्याही आधीपासून. तिच्या पहिल्या "हो"पासून.

मामा: अरे देवा. मग मध्ये अडवायचं नाही का?

बाई: सकाळपासून या टेबलाशी बसलेय. लोक येतात, हो-नाही करतात, जातात. तुमची कथा अशी काही रंगली होती, की मोडवेना.

मामा: रंगली होती ना?

मुलगी: मामा.

मामा: चुकलो.

बाई: तर आता मी काय लिहिलंय ते ऐका. "विद्यार्थिनी मामांचा हात सुटला की वाऱ्यावरचं पान होते. पाण्यावरून चालते." हे वर पाठवू?

मामा: वर म्हणजे, देवाकडे की साहेबांकडे?

बाई: साहेबांकडे.

मामा: मग नको. देवानं सांभाळून घेतलं असतं.

बाई: हे पान बाजूला ठेवते. नवं घेते. पुन्हा सुरुवात.

मामा: पण तुम्हाला तिचं सगळं कळतंय, मग माझं इथे काय काम? मी आपला बाहेर बाकावर बसतो.

बाई: बसायचं इथेच. मला तिचं म्हणणं कळतं, ते ठीक. घरच्यांना कळलंय का, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. तिचं एक वाक्य, तुमचं एक वाक्य. मीठ-मिरची नको.

मामा: कठीण आहे.

मुलगी: मामा फार बोलतात.

मामा: मामा फार बोलतात.

बाई: छान. जमतंय की.

मुलगी: चहात चोरून साखर घालतात.

मामा: बाई, हे मुलाखतीत येतं का?

बाई: जसंच्या तसं.

मामा: चहात चोरून साखर घालतात. पण डॉक्टरच म्हणाले होते, चिमूटभर चालते म्हणून…

बाई: डॉक्टर आले नव्हते तिच्या हातांत.

मामा: नव्हते आले.

बाई: बाळ, एकटी राहशील?

मुलगी: राहीन. दाराला दोरी बांधून दुसरं टोक उशाशी ठेवीन. कुणी आलं की दोरी ओढेल. घरी असंच केलंय.

मामा: राहीन, म्हणते. दोरी बांधीन. घरी केलंय. हे खरंय बाई, मी स्वतः ओढतो. एकदा उशीच ओढली गेली… नाही, हे माझं. हे लिहू नका.

बाई: उशी सोडून लिहिलं. आता शेवटचा प्रश्न, बाळ, आणि याचं उत्तर सगळ्यात जपून दे. घर सोडून जायची तुझी स्वतःची इच्छा आहे?

मुलगी: आहे. पण एक अडतंय.

मामा: आहे, म्हणते. पण एक अडतंय. काय गं अडतंय? आईचं मी बघेन. सुईत दोरा ओवायचं ना? मी ओवीन. चष्मा लावीन.

बाई: मामा.

मामा: गप्प बसतो.

मुलगी: मी लहान होते तेव्हा मामा नुसते गळ्यानं गायचे. मी पुढच्या रांगेत बसायचे. मला काही कळायचं नाही. एकदा मी मधूनच उठून गेले.

मामा: लहान होते तेव्हा मामा नुसते गळ्यानं गायचे. मी पुढच्या रांगेत बसायचे. कळायचं नाही. एकदा… उठून गेले. हो. गेली होती.

मुलगी: पुढच्या कथेला त्यांनी सगळं हातांनी पण सांगितलं. राजा आला, हत्ती आला, वादळ आलं. तेव्हापासून तसंच सांगतात. लोक आता हात बघायला येतात. मामांना वाटतं, गळ्यासाठी येतात.

मामा: पुढच्या कथेला हातांनी पण. राजा, हत्ती, वादळ. लोक हात बघायला… असं? गळ्यासाठी नाही?

मुलगी: थोडे गळ्यासाठी.

मामा: थोडे गळ्यासाठी. हे मात्र लिहाच बाई.

बाई: लिहिलं.

मुलगी: कथा भरकटली की मी पुढच्या रांगेतून बोट वर करते. ते बघतात, मूळ वाटेवर येतात. मी गेले की बोट कोण वर करणार?

बाई: मामा?

मामा: हो. सांगतो. ती म्हणते… कथा भरकटली की… बाई, एवढं एक वाक्य तुम्हीच तुमच्या डोळ्यांनी वाचलंय ना? मग झालं.

बाई: वाचलं. पण तिला उत्तर हवंय, आणि ते माझ्याकडे नाही.

मामा: मग मी हातांनीच सांगतो. बघ गं, इकडे बघ. तू जा. भरकटलो तर भरकटलो. त्या रानात देव भेटेल. आणि सुट्टीत तू येशीलच की, तेव्हा साठलेलं सगळं बोट एकदम वर कर.

मुलगी: बोट साठत नसतं, मामा.

मामा: तू यंत्रकाम शिकून ये आणि साठवायचं यंत्र काढ.

बाई: तर मग, बाळ? जायचंय?

मुलगी: हो. जायचंय.

बाई: मामा, तोंडानं सांगा. नोंदवायचंय.

मामा: हो. जायचंय.

बाई: बस? पुढे काही नाही? करता करविता, पायरी, काहीच?

मामा: काही नाही. तेवढंच म्हणाली ती.

बाई: मग मीही थोडक्यात सांगते. शिफारस मी आजच लिहून देते. "विद्यार्थिनी स्वतःचं उत्तर स्वतः देते. घरच्यांनी ते ऐकलं आहे." माझी शिफारस आजवर वरून परत आलेली नाही. मामा, डोळे पुसा, शाई ओली आहे, पानावर पडेल.

मामा: डोळे नाहीत हो, पाझर आहे. दगडाला फुटला.

मुलगी: बाई, एक विचारू?

बाई: विचार की.

मुलगी: आमच्या बाजूला कधी आलात तर कथेला या. पुढच्या रांगेत माझी जागा रिकामी असेल, तिथे बसा. हात बघा. भरकटले की बोट वर करा. मामांची आठवण ठेवा.

बाई: मामा, हेही तुमच्या तोंडून. जसंच्या तसं.

मामा: म्हणते, आमच्या बाजूला आलात तर कथेला या. पुढच्या रांगेत बसा. हात बघा. भरकटले की बोट वर करा. मामांची आठवण ठेवा. …एवढंच म्हणाली, बाई. यात माझं काही नाही.