सुनेनं बाहेर काढलं

पळत पळत नेम साधायची पिस्तूल स्पर्धा संपली आणि आम्ही बर्गरच्या रांगेत उभे राहिलो. पुढे म्हातारा व्हर्न आणि त्याची सून डार्ला. दोघांच्या टोप्यांवर आमच्या ओहायोतल्या क्लबाचं नाव.

"बाबा, काहीतरी बोला ना. सकाळपासून गप्प आहात."

"कांदा जास्त घालायला सांग."

"मी पंच होते. पिस्तूल घेऊन पळताना तुमचं बोट ट्रिगरवर होतं. नियमानं स्पर्धेतून बाहेर काढावंच लागलं."

"माहितीये."

"तेही सगळ्यांसमोर, तुम्हीच काढलेल्या क्लबात!"

"गेल्या महिन्यातही होतं."

"काय?"

"बोट. तुझा नवरा पंच होता. त्यानं पाहिलं आणि ढगांकडे बघत बसला."

"स्कॉट? मला बोलला नाही!"

"कुणीच बोलत नाही गं. मी दिसलो की सगळे टार्गेटवरच्या गोळ्यांच्या भोकांवर पट्ट्या चिकटवायला पळतात. माझी मात्र झोप उडाली होती. माझा मान राखता राखता कुणाचा तरी जीव जायचा."

"म्हणजे रागावला नाहीत?"

"दुपारी गाडीत घोरत होतो."

"आणि मी इकडे रडत होते!"

"पूस डोळे. पुढच्या वेळी पंच मी, पिस्तूल तुझं. बोट ट्रिगरवर दिसू दे, गावभर ऐकू जाईल असा ओरडतो."

"आणि स्कॉट?"

"त्याला पट्ट्याच चिकटवू दे."