खांदा बरा होईपर्यंत

फिजिओ : सर, हात वर न्या म्हटलं. कंबर वाकवा असं नाही म्हटलं.

मास्तर : बोटं डोक्याच्या वर दिसताहेत की नाही? मग झालं तर.

फिजिओ : उत्तर बरोबर, रीत चूक. अशा गणिताला तुम्ही मला भोपळा दिला होतात.

मास्तर : भोपळा नाही, अर्धा गुण. बरं, मला अजिबात दुखत नाहीये, तेवढं लिहून दे. पंधरा दिवसांवर ज्येष्ठांची बॅडमिंटन स्पर्धा आलीय.

बायको : दुखत नाही म्हणे! अगं, सकाळी शर्टाची बाही मी चढवलीय यांना. उजव्या कुशीवर वळले की सगळं घर जागं होतं.

मास्तर : तू गप्प बस जरा.

बायको : आठ आठवडे गप्पच बसलेय.

फिजिओ : सर, हा फोटो बघा. स्नायूला हाडाशी बांधणारा हा पट्टा. साठीनंतर तो सगळ्यांचाच विरतो, जुन्या चादरीसारखा. तुमचा अर्धा फाटलाय. ऑपरेशन बहुतेक लागणार नाही. पण चार महिने रोज व्यायाम करायचा आणि तोवर डोक्यावरून एकही फटका नाही. आत्ता खेळलात, तर उरलेला अर्धाही जाईल. मग फळीवरचा डबा काढायलासुद्धा काकूंना हाक मारावी लागेल.

मास्तर : चार महिन्यांत तो माझी जागा गिळून बसेल!

फिजिओ : कोण?

बायको : यांच्या डबल्सच्या जोडीदाराने यांच्या जागी नवा गडी घेतलाय. पोस्टातला आहे, बावन्न वर्षांचा. तेव्हापासून यांच्या पोटात दुखतंय, नाव मात्र खांद्याचं.

मास्तर : बावन्न म्हणजे कालचं पोर! चष्म्याला मागून दोरी बांधून खेळतो. परवा बघितलं मी, दोघं एका बाटलीतून पाणी पीत होते. बावीस वर्षांत माझ्या बाटलीला कधी तोंड लावलं नाही त्याने.

बायको : ऐकलंस? बावीस वर्षं ही सवत सांभाळलीय मी. लग्नाची तारीख आठवत नाही, पण त्याच्या रॅकेटची तार कधी तुटली ते तोंडपाठ.

फिजिओ : सर, एक विचारू? सरळ फटका मारताना लागलं, असं तुम्ही सांगितलंत. पण हे तसं लागलेलं वाटत नाही. अंग एकीकडे आणि हात मागे ताणलेला असताना असं होतं. नक्की काय झालं, ते कळलं तर व्यायाम ठरवता येईल मला.

(मास्तर टॉवेलची घडी घालतात, मोडतात, पुन्हा घालतात.)

मास्तर : फूल त्याचं होतं.

फिजिओ : फूल म्हणजे शटल?

मास्तर : हो. उजव्या कोपऱ्यात, सरळ त्याच्या डोक्यावर. 'माझं' म्हणून तो ओरडलासुद्धा. पण त्या दिवशी सगळ्या टाळ्या त्यालाच पडत होत्या. म्हटलं, शेवटचा गुण तरी माझ्या नावावर लागू दे. त्याच्या पुढ्यातून आडवी उडी मारली. फूल जाळीत गेलं आणि खांद्यात कट्कन वाजलं.

बायको : आणि तो बिचारा रोज मला फोन करून सांगतो, वहिनी, माझंच चुकलं, मी मोठ्याने ओरडायला हवं होतं.

मास्तर : म्हणू दे.

बायको : अहो!

मास्तर : म्हणू दे म्हटलं ना! अगं, त्याला टाळ्या मिळतात त्या माझ्या जिवावर. त्याचा डावा गुडघा वळत नाही. अकरा वर्षं झाली. तो कुणाला सांगत नाही आणि मी कुणाला कळू देत नाही. फूल डावीकडे निघालं की मी आधीच तिथे असतो. त्या पोस्टवाल्याला काय ठाऊक!

फिजिओ : मग स्पर्धेत डावीकडे पळायची वेळ आली, तर?

मास्तर : पडेल.

फिजिओ : आणि तुम्ही काय करणार?

मास्तर : तू लिहून दिलं नाहीस, तर बाकावर बसून बघणार होतो. खरं सांगू? आठ आठवडे डोळे मिटले की हेच दिसतंय. तो पडतो आणि सगळे मला शोधत येतात.

बायको : शोभतं का हो तुम्हाला हे?

मास्तर : नाही शोभत. पण वाटतं, त्याला काय करू?

फिजिओ : सर, तुमचा खांदा मी चार महिन्यांत वळणावर आणीन. या वयात गुडघा मोडला, तर मला तसा शब्द देता येणार नाही.

बायको : घ्या, नाव काढलं आणि त्याचाच फोन. आज तरी बोलणार आहात, की नेहमीसारखं 'झोपलेत' म्हणून सांगू?

मास्तर : आण इकडे. डाव्या हातात दे... हं, बोल. हो, बरा आहे. नाही रे, यंदा नाही जमणार. चार महिने लागतील म्हणतेय ही फिजिओ. ते राहू दे, तुझं काही चुकलं नव्हतं, ते भेटल्यावर बोलू. आधी मला सांग, गुडघ्याचं सांगितलंस का त्या पोस्टवाल्याला?... वाटलंच मला. मोडशील पण बोलायचा नाहीस. कुठे आहेस, कोर्टावर? तो आहे शेजारी?... मग दे त्याच्याकडे फोन.