टाचणीएवढ्या भोकातलं कुंकू

आम्ही मूळचे जळगावकडचे, पण ते नुसतं सांगण्यापुरतं, जन्म माझा बडोद्यातलाच, वडील रेल्वेत बॉयलरच्या कामावर होते आणि एकदा त्यांनी एक बाद झालेला प्रेशरचा काटा घरी आणला, पितळी, वाटीएवढा, तो माझं खेळणं झाला. सातवीत होतो तेव्हा मी तो उघडला. आत काय, तर एक वाकडी नळी, बस. वाफ शिरली की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. मी म्हटलं, बाबा, हा वाफ कुठं मोजतो, नळी किती सरळ झाली तेवढंच सांगतो. बाबा म्हणाले, हां, आणि आम्ही त्याच्या भरवशावर दिवसभर बॉयलरपाशी उभे असतो. हे मला तेव्हा फार मोठं काही वाटलं नाही. आता वाटतं.

मग आयटीआय केलं, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मग एका कंत्राटदाराकडे कारखान्यांचे काटे तपासायला, आणि मग विमान शिकवायच्या शाळेत. आमचं घर समा भागात, तिथून सायकलवर जाण्यासारखं होतं, म्हणून गेलो. दुसरं कारण नव्हतं. तुम्हाला वाटेल विमानाची ओढ वगैरे, तसं काही नाही ताई, घराजवळ होतं.

आणि हे लिहा, तुम्ही कंत्राटी माणसांचं लिहिता ना, तर लिहा. माझ्या गेटच्या पासावर पदाच्या जागी हेल्पर. पहिल्या दिवशी हेल्पर, सत्ताविसाव्या वर्षी हेल्पर. कंत्राटदार चार बदलले, मी तोच, टेबल तेच, पाना तोच. विमानातले सगळे काटे मी उघडायचो, मी धुवायचो, मी तपासायचो, आणि वहीत सही करायला लायसनवाले साहेब अहमदाबादेहून आठवड्यातून दोनदा यायचे, मला विचारायचे, काका, बद्धुं बराबर, म्हणजे सगळं ठीक? मी म्हणायचो बराबर, आणि ते सही करायचे. वाईट माणूस नव्हते. पण वहीत सगळीकडे तेच, मी कुठंच नाही. तुम्ही चिडता हे ऐकून. मी चिडलो नाही, दमलो. चिडायला पाहिजे होतं बहुतेक, पण रोज सकाळी सहा विमानं उभी असतात, त्यात कुठं चिडणार.

आता काटे कसे चालतात ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं विमानात उंची मोजतात, वेग मोजतात. काय सांगू तुम्हाला, काही मोजत नाहीत, हवा मोजतात. पंखाखाली एक वाकडी नळी असते, तिचं तोंड पुढं, तिच्यात समोरून वारा शिरतो. आणि विमानाच्या नाकाशी डाव्या बाजूला एक चकचकीत गोल चकती असते, रुपयाएवढी, तिच्यात टाचणीएवढं भोक. त्या भोकात वारा शिरत नाही, तिथं नुसती बाहेरची हवा असते, उभी, शांत. उंचीच्या काट्यात एक बंद डबी, पापडासारखी पातळ. वर गेलं की भोकातून येणारी हवा विरळ होते, डबी फुगते, काटा चढतो. वेगाच्या काट्यात दोन्हींची तुलना, नळीतला वारा भोकातल्या हवेपेक्षा किती जोरात, तो तुमचा वेग. एवढंच आहे ते सगळं. एक नळी आणि एक भोक.

आणि प्रत्येक काट्याची एक खोड असते. उंचीचा काटा हवामानाला फसतो, त्याला रोज सकाळी टॉवरवरून विचारून त्या दिवसाचा दाब लावून द्यावा लागतो, नाहीतर विमान जमिनीवर आणि काटा म्हणतो दोनशे फूट वर. होकायंत्र वळताना आधी उलटंच दाखवतं, उत्तरेकडून उजवीकडे वळा, ते म्हणणार डावीकडे चाललात. भोवऱ्यावर चालणारा दिशेचा काटा हळूहळू सरकतो, दर पंधरा मिनिटांनी त्याला होकायंत्राशी जुळवून घ्यायचं, म्हणजे चुकणाऱ्यानं दुसऱ्या चुकणाऱ्याला विचारायचं. मुलांना मी हेच सांगायचो, काटा खोटं बोलत नाही रे, त्याला जेवढं कळतं तेवढं तो सांगतो, त्याला काय कळत नाही ते तुम्ही लक्षात ठेवा.

तर दसरा. आमच्याकडे दसऱ्याला विमानांची पूजा, सगळ्या बडोद्यात रिक्षांची होते, मशिनांची होते, तशी आमची. आदल्या दिवशी विमानं धुवायची, धुताना त्या भोकावर चिकटपट्टी लावायची, धुऊन झालं की काढायची, ते सगळं मी करायचो आणि कधी चुकलो नाही. दसऱ्याला सकाळी फाफडा-जलेबी, झेंडूचे हार, आणि पूजा आमच्या सौंच्या हातची. शैला. ती दरवर्षी यायची, पहिल्या वर्षी कॅप्टनसाहेबांच्या मिसेसनी तिला बोलावलं, तुम्ही मराठी लोकं नीट करता म्हणाल्या, मग तो नियमच झाला. कॅप्टनसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे मुख्य. शैला नाकावर, पंख्याच्या टोपणावर स्वस्तिक काढायची, अक्षता लावायची, औक्षण करायची. ओलं कुंकू, पाण्यात कालवलेलं, घट्ट.

तीन दसरे झाले त्याला. मी हारांच्या गाठी मारत होतो, वळून बघतो तर हिनं त्या चकतीवर टिळा लावलेला. बरोबर मधोमध, वर अक्षता. तिची काय चूक सांगा, गोल, चकचकीत, नाकाच्या बाजूला, तिला ते कपाळच वाटलं. आणि इतकं छान दिसत होतं की सगळे फोन काढून फोटो घेत होते.

मला लगेच कळलं. लगेच. आणि मी पुसलं नाही.

का नाही पुसलं? ताई, ती समोर उभी होती, हातात तबक, हळदी-कुंकवाचं बोट अजून ओलं, आणि मी तिच्या नवऱ्यानं तिच्या डोळ्यांदेखत तिनं लावलेलं कुंकू पुसायचं? सणाच्या दिवशी? तुम्ही म्हणाल, असलं काय मानता. मानत नाही हो. पण हात गेला नाही. म्हटलं उद्या सकाळी पहिलं काम हेच. उद्या विमान उडायच्या आधी काढू.

दुसऱ्या दिवशी पहिलं विमान तेच निघालं, आणि मी घाईत होतो, दुसऱ्या एकाची बॅटरी उतरली होती. मी फडकं ओलं केलं आणि चकती पुसली. रगडून. चकती लख्ख झाली. माझ्या हाताखाली कोणी शिकायला आलं की पहिल्या दिवशी मी सांगायचो, त्या भोकावरून फडकं रगडायचं नाही, बाहेरचं आत जातं. मीच सांगायचो. आणि मीच ते वाळलेलं कुंकू अंगठ्यानं आत ठासलं, वरून भोक दिसायला स्वच्छ.

विमान घेऊन निघाली धारा. आमच्या बडोद्यातल्याच वासणा भागातली मुलगी, एकोणीस वर्षांची, तिचं एकटीचं चौथंच उड्डाण. मला काका म्हणायची, फार प्रश्न विचारायची, इतके की बाकीचे तिला टीचर म्हणून चिडवायचे. तिनं निघण्याआधी विमानाभोवती फेरी मारून सगळं बघितलं, भोक पण बघितलं, मी स्वतः तिला वाकून बघताना पाहिलं.

जमिनीवर सगळं बरोबर दिसतं, ते लक्षात घ्या. आत कोंडलेली हवा जमिनीचीच असते. ती धावपट्टीवरून उचलली आणि वर चढायला लागली तशी नळीतली हवा विरळ होत गेली आणि भोकामागची हवा तशीच जड, जमिनीची, कोंडलेली. दोघींतला फरक कमी कमी होत गेला आणि वेगाचा काटा पडायला लागला. साठ, पन्नास, चाळीस. विमान झकास उडतंय आणि काटा सांगतोय आता पडणार. तीनशे फुटांवर शून्य. अशा वेळी कोणीही नाक खाली दाबतो, वेग मिळावा म्हणून, आणि तीनशे फुटांवरून नाक दाबलं की खाली जमीनच आहे.

तिनं दाबलं नाही. मला नंतर म्हणाली, काका, स्पीड झीरो थई गयी, पण इंजिनाचा आवाज तोच होता आणि नाक रोजच्याच जागी होतं. मग उंचीकडे बघितलं तर तो काटा हललाच नव्हता. दोघं एकदम कसे बिघडतील? दोघांचं भोक एक. बस, तिला कळलं. तिनं काट्यांकडे बघणं सोडलं, बाहेर बघून, आवाज ऐकून एक फेरी मारली आणि उतरली. उतरताना थोडं आपटलं. ते आपटणं टॉवरवरून सगळ्यांनी बघितलं.

आणि आता खरं ऐका. कॅप्टनसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, भोक-बिक काय असेल ते साफ करून टाक, मग हवा ओढायचा डब्बा लावून टेस्ट कर, रीडिंग बराबर आली की झालं. मुलगी घाबरली, काटे चुकीचे वाचले, असं लिहू. मी म्हटलं, साहेब, पण तिचं एकटीनं उडणं बंद होईल. ते म्हणाले, थोडे महिने, चालशे, लहान आहे. आणि खरं लिहिलं तर तपासणी येणार, वहीत सही साहेबांची, काम तुझं, पासावर तू हेल्पर, मग विचारणार हेल्पर काट्यांना हात कसा लावतो. तुझ्याच भल्याचं सांगतो काका.

सत्तावीस वर्षं हात लावला तेव्हा कोणी विचारलं नाही.

धारा बाहेर बाकावर बसली होती, हेडफोन नाही काही नाही, नुसती बसली होती, आणि तिला दोघेजण समजावत होते की बेटा, पहिल्या पहिल्यांदा होतं असं, माणूस घाबरतो. ती म्हणत होती मी घाबरले होते पण चुकीचं वाचलं नाही. परत परत तेच. घाबरले होते पण चुकीचं वाचलं नाही. आणि ते मान हलवत होते, हो बेटा, हो. मला ते बघवलं नाही. भांडण बघवतं ताई, ती मान हलवणं बघवलं नाही.

मी साफ केलं नाही. तसाच डबा घेऊन गेलो, भोकावर रबरी वाटी लावली आणि हवा ओढली, म्हणजे काट्याला वाटायला पाहिजे आपण वर चाललो. धाराला हाक मारली, म्हटलं बेन, इथं ये, बघ. कॅप्टनसाहेब पण आले. मी ओढतोय, ओढतोय, काटा जागचा हलत नाही. मग सगळ्यांसमोर चकती काढली, मागनं हवा मारली, तर लाल बोळा बाहेर आला, त्यात तांदळाची बारीक कणी. परत डबा लावला. काटा चढला, हजार, दोन हजार, लोण्यासारखा. धारानं वाकून ते भोक परत एकदा बघितलं.

मग मी वही उघडली. सत्तावीस वर्षांत मी त्या वहीत कधी लिहिलं नव्हतं, मला तो हक्कच नव्हता. लिहिलं, भोक कुंकवानं बुजलं होतं, पूजेत मी लावलं, सकाळी पुसताना मीच आत ढकललं, मुलीनं वाचलेले आकडे त्या परिस्थितीत बरोबर. खाली सही केली. माझी तिथली पहिली सही आणि ती अशी. कॅप्टनसाहेब म्हणाले, काका, हे काय केलंस. रागानं नाही, दमून. ते पण दमलेलेच होते.

धाराचं उडणं चालू राहिलं. माझा पास महिनाअखेरीला संपत होता, तो परत झाला नाही. कोणी काढलं नाही मला, लिहून घ्या, कोणी काढलं नाही, नुसता पास झाला नाही. गेटवरचा माणूस मला रोज रामराम करणारा, तो म्हणाला, काका, यादीत नाव नाही. हेल्परला काढावं पण लागत नाही.

आता घरीच बसतो, कारखानेवाले प्रेशरचे काटे आणून देतात, ते बघतो. फळीवर तो आहे बघा, बाद झालेला उंचीचा काटा, लायसनवाल्या साहेबांनी पूर्वीच दिलेला. आज दोनशे दहा फूट दाखवतोय, काल दीडशे होता. घर आहे तिथंच आहे, हवा हलकी झालीय. ढग आलेत ना.

वहीत मी लिहिलं की कुंकू मी लावलं. घरी नुसतं चूक झाली म्हटलं, कशी ते नाही सांगितलं. शैलानं विचारलंही नाही. फक्त तेव्हापासून दसऱ्याला ती माझ्या हत्यारांना कुंकू लावत नाही, एकेक झेंडूचं फूल ठेवते. मला वाटायचं, नोकरी गेली म्हणून तिचं मन उडालं पूजेवरून.

हे मी तुम्हाला सांगत होतो आणि ती चहा घेऊन दारात उभी होती, तुम्ही पण बघितलंत. केव्हापासून उभी होती कोण जाणे. कप ठेवला आणि काय म्हणाली ऐकलंत ना. म्हणाली, ताई, ह्यांचं ऐकू नका, नीट लिहा. बोट माझं होतं. मला त्याच आठवड्यात कळलं, धाराच्या आईनं वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला होता. हे सांगतील म्हणून तीन वर्षं वाट बघतेय.

सत्तावीस वर्षं काटे वाचले, आणि ती फुलं नाही वाचता आली.

लिहा मग. शैलानं लावलं, मी पुसलं, असं लिहा, दोन्ही नावं लिहा. धारा आता मोठ्या विमानावर शिकतेय, दिवाळीला फोन येतो, कुठंही असो, सुखरूप असो, आणि उडायच्या आधी वाकून बघत जा म्हणावं. घ्या, चहा घ्या ताई, गार होतोय.