घोडा नाय, घोडी हाय

आदरणीय अध्यक्षा वैदेहीताई, व्यासपीठावर असूनही मधूनमधून घड्याळाकडं बघणारे आमचे वकीलमित्र देवेश, आजचे सत्कारमूर्ती सहायक फौजदार बिभीषणराव, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी सरूबाई वहिनी, फर्दापूरहून एसटीनं आलेल्या कस्तुराबाई आणि त्यांची नात रत्नमाला, शांतता समितीचे सगळे सभासद, आणि पंख्याखालची जागा पटकावून निश्चिंत झालेल्या बंधू-भगिनींनो,

मी केशव. उभी हयात या शहरात मराठी शिकवण्यात गेली, आणि आता समितीचा सचिव म्हणून खुर्च्या मोजतो. मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मास्तरची पाच मिनिटं हजेरी घेण्यातच जातात, हे अध्यक्षांनी ध्यानात घ्यावं.

बिभीषणराव निवृत्त होताहेत. सत्काराला यायला ते तयारच नव्हते. शेवटी आले, पण मला एक अट घातली. म्हणाले, “सर, काय बी बोला, पण ते फर्दापूरचं नका काढू.” आता मला सांगा, लग्नात नवरदेवाचा उल्लेख टाळून मंगलाष्टकं म्हणता येतात का? तेव्हा बिभीषणराव, माफ करा. निरोपाच्या दिवशी सत्कारमूर्तीचं कुणी ऐकत नसतं.

गोष्ट दीड वर्षापूर्वीची. फर्दापूरला लेण्यांच्या वाटेवर कस्तुराबाईंची सीताफळांची टोपली असते. तिथली माकडं तुम्हाला ठाऊक आहेत. गिऱ्हाइकाच्या आधी माल तपासतात. म्हणून कस्तुराबाईंनी यात्रेतून प्लास्टिकचं पिस्तूल आणलं. काळं, हुबेहूब, फक्त नळीच्या टोकाला लाल रंग. हा लाल रंग कशासाठी असतो? लांबूनही कळावं, की हे खेळणं आहे. पण आठ दिवसांत माकडं त्याला भिईनाशी झाली. कस्तुराबाईंचं म्हणणं पडलं, “माकडं लई हुशार. लाल टोक दिसलं की वळखत्यात.” मग शेजाऱ्यांकडं पोळ्याला शिंगं रंगवून काळा ऑइलपेंट उरला होता, तो त्या टोकाला फासला. माकडं फसली की नाही ते देव जाणे, माणसं मात्र फसली.

त्या दिवशी कुणी मोठे पाहुणे लेणी बघायला यायचे होते. कडक बंदोबस्त होता. एका पर्यटकानं पोलिसांना फोन केला, “एक पोरगा पिस्तूल घेऊन झाडीत हिंडतोय.” बिभीषणराव जवळच होते. धावत गेले तर पाठमोरी आकृती, अंगात चुलत्याचं ढगळ जाकीट, डोक्यावर टोपी, हातात काळं पिस्तूल. मधे ना झाड, ना भिंत. बिभीषणरावांनी आपलं सरकारी पिस्तूल काढलं, रोखलं आणि ओरडले, “घोडा टाक! घोडा खाली टाक!”

इथं मास्तरला थोडं थांबावं लागतं. पोलिसांच्या आणि गुंडांच्या बोलीत घोडा म्हणजे पिस्तूल. दोघांत कुणी कुणापासून शब्द उचलला यावर संशोधन व्हायला हरकत नाही. पण समोर होती ही रत्नमाला, आजीचं पिस्तूल घेऊन माकडं हाकलणारी अकरा वर्षांची मेंढपाळाची पोर. तिच्या घरात घोडा म्हणजे घोडा. मेंढरांमागं बिऱ्हाड वाहतो तो.

ती गर्रकन वळली. हातातलं पिस्तूल वळलं ते थेट बिभीषणरावांच्या छातीकडं. पण मान मात्र वळली डोंगराकडं, आणि डोळे चढावर काहीतरी शोधू लागले. आणि ती म्हणाली, “घोडा नाय, घोडी हाय. तकडं चरतीया.”

हसा, हसा. मीही पहिल्यांदा हसलो होतो. पण ते बोलणं तिच्या तोंडून नंतर आलं. त्याच्या आधीच्या क्षणी बिभीषणरावांचं बोट चापावर होतं आणि दाबायला लागलं होतं, हे त्यांनी स्वतः मला सांगितलंय. मग थांबलं कशानं? बिभीषणराव देवगाव रंगारीकडचे, त्यांचं बालपण मेंढरांमागं गेलं. ते म्हणाले, “सर, बंदूक माझ्याकडं व्हती, पन नदर डोंगराकडं. घोडा म्हणलं की आमचं पोरगं आधी चढावर बघतंय. मी बी तसंच बघायचो.” पिस्तूल खाली गेलं आणि हा गडी तिथंच मातीत बसला. रत्नमाला त्यांना विचारत होती, “काका, पानी आणू का?”

पुढचं तुम्ही मोबाइलवर फिरलेल्या व्हिडिओत पाहिलंय. याच सभागृहात आपण त्यावर परिसंवाद घेतला. काही म्हणाले, देवमाणूस. काही म्हणाले, बावळट, खरं पिस्तूल असतं तर? देवेशनी मुद्दा मांडला, की अशी खेळणी विकण्यावरच बंदी हवी, आणि पोलिसानं जीव मुठीत धरून ताटकळावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. देवेश, तुमचा मुद्दा मला तेव्हा झोंबला, पण तो खोटा नव्हता. परदेशात खेळण्यातली बंदूक हातात असलेली मुलं पोलिसांच्या गोळीनं गेलेली आहेत. तिथंही दोन्ही बाजूंनी हेच बोललं जातं. बंदी जरूर घाला. पण पोरं लाटण्याचीसुद्धा बंदूक करतात, आणि काळ्या रंगाचा डबा कुठल्या कायद्यानं बंद होणार?

त्या परिसंवादात एक माणूस बोललं नाही, म्हणून आज मी बोलतो. सरूबाई वहिनी, तुमची परवानगी गृहीत धरतो. फर्दापूरच्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी मी पेढे घेऊन तुमच्या घरी आलो होतो. वहिनींनी पेढा घेतला नाही. म्हणाल्या, “पोरगी वाचली, लई ब्येस झालं. पन खरी बंदूक असती तर? घरी माघारी यायचा सबूद मला दिला व्हता, त्या पोरीला नाय.”  सरूबाई, तुमच्या त्या रागाला मी हात जोडतो.

आणि बिभीषणराव? त्यांना या कौतुकाचा इतका तिटकारा का? मला वाटलं विनय आहे. विनय नव्हता, धास्ती होती. एकदा चहा पिताना बोलून गेले, “सर, ते आमच्यातलं पोर व्हतं म्हणून मला वळखू आलं. शहरातलं, इंग्रजी शाळेतलं असतं तर? घोडा म्हणलं की ते कुठं बघतं, मला काय ठाव? मी गोळी घातली असती. सत्कार कशाचा घेऊ?”

मंडळी, मी मराठीचा मास्तर. शब्दानं माणूस वाचला याचा मला केवढा अभिमान वाटत होता! या माणसानं तो एका घोटात उतरवला. प्रत्येक मुलासाठी आपण त्याच्याच वाडीवरचा पोलीस कुठून आणणार? मूल ओळखीचं असेल तरच ते मूल, नाहीतर संशयित? हा प्रश्न मला आजच्या शालीपेक्षा जड वाटतो.

पण हा माणूस प्रश्न घेऊन बसला नाही. आपल्या हद्दीतल्या शाळांत जाऊन त्यांनी पोरांना विचारलं, “पोलीस हात वर म्हणला तर काय कराल?” सगळ्या वर्गानं हात वर केले. कुणाच्या हातात पट्टी, कुणाच्या हातात डबा, जे होतं त्यासकट! म्हणजे खेळण्यातली बंदूक असती तर तीही वर आली असती. लहान मूल हुकूम पाळतं आणि पाळता पाळताच मरू शकतं, हे त्यांना त्या वर्गात दिसलं. ठाण्यात येऊन त्यांनी नियम केला, जो ‘घोडा’ म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिला आठवडा ठाण्यात फुकटच्या चहाची चंगळ होती म्हणे. दुसरं त्यांनी नव्या शिपायांच्या डोक्यात भरवलं, “आधी आडोसा घ्या, मग आवाज द्या.” गाडीमागं, भिंतीमागं, झाडामागं. आडोसा असला की पोलिसाचा जीव शाबूत राहतो आणि समोरच्याकडं नीट बघायला उसंत मिळते. वहिनी, ‘खरी बंदूक असती तर?’ असं तुम्ही विचारलं होतं, मला वाटतं हे उत्तर त्यांनी तुमच्यासाठीच शोधलंय. तुम्हाला तोंडावर सांगायची त्यांची छाती झाली नाही, म्हणून मी सांगतोय. आता बिभीषणराव, मान खाली घालू नका, त्या तुमच्याकडंच बघताहेत.

रत्नमाला, तू जरा उभी राहा बाळ. लाजू नको. ही सातवीत गेलीय. परवा तिला विचारलं, आता माकडं कशानं हाकलतेस? म्हणाली, “डबा वाजिवते. माकडं नाय पळत, पन गिऱ्हाईक येतंय.” बस खाली. ही मुलगी आज आपल्यासमोर बसून सीताफळाच्या गिऱ्हाइकाचा हिशेब सांगते, याहून मोठा सत्कार मला तरी करता येणार नाही.

आज सकाळी बिभीषणरावांनी सरकारी पिस्तूल जमा केलं. हात रिकामे झाले. त्या रिकाम्या हातांत आता आपण शाल आणि नारळ ठेवू. सरूबाई, दिलेला सबूद त्यांनी पाळला, माणूस घरी आला. सांभाळा.

वैदेहीताईंचे, समितीचे आणि भज्यांचा घमघमाट येत असतानाही बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात माझा एखादा शब्द तुमच्यावर रोखल्यासारखा वाटला असेल, तर लगेच चाप ओढू नका. आधी बघा, माझी नजर कुठं होती.