लायलचं शवासन

—त्रेसष्ट पौंड. हो, बरोबर ऐकलंत, त्रेसष्ट, चौदा महिन्यांत. म्हणून तर उठताना पँट अशी मुठीत धरावी लागते, भलतंसलतं समजू नका — पट्ट्याला आता नवं भोक पाडायला जागाच उरली नाही. आणि ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही, गोळ्या नाहीत — योगासनं. हसा की, हसा! व्हर्नाला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं हातातली प्लेट आधी खाली ठेवली आणि मग हसली, फुटू नये म्हणून. लायल श्रोडर आणि योगासनं! एकतीस वर्षं ट्रेलर चालवतोय, बाई, अठरा चाकांचा. सलायना गावातून निघायचं ते कॅन्सस राज्य संपेपर्यंत सीटवरून हलायचं नाही — बसून बसून माणसाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही ड्रायव्हरच्या मेडिकल कार्डासाठीच आलात ना? डॉक्टरची एकदा सही पडली की सुटलो. काय चालवता? शाळेची बस? — अच्छा. शाळेची बस. — नाही, कुठं काय. चांगलं काम आहे. जबाबदारीचं.

तर काय सांगत होतो — दोन वर्षांपूर्वी याच दारातून आत गेलो होतो आणि डॉक्टर म्हणाला, लायल, पुढच्या वेळी असाच आलास तर मी सही करणार नाही. तीनशे एकतीस पौंड होतो तेव्हा. दहा महिने मी काहीही केलं नाही, खोटं कशाला बोलू, आणि मग एक दिवस घाबरून क्लासचा जिना चढलो. आमच्याकडे अग्निशमन केंद्राच्या माडीवर जोलीन नावाची पोरगी क्लास घेते, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी. अकरा बायका आणि मी. पहिल्या दिवशी म्हणाली, वाका आणि पायाचे अंगठे धरा. म्हटलं, मला ते नुसते दिसले तरी पुष्कळ आहे. तिनं मुकाट्यानं खुर्ची आणून दिली, खुर्चीला धरून सूर्यनमस्कार! पण शहाणी हो पोरगी. म्हणाली, काट्याकडे बघायचं नाही, श्वासाकडे बघायचं. आठवड्याला एखाद-दुसरा पौंड उतरला की बस, घाई करायची नाही, आणि उपाशी राहिलास तर माझ्या क्लासला यायचं नाही. पांढऱ्या ग्रेव्हीतली बिस्किटं, म्हणजे आमचे नाश्त्याचे मऊ पाव, तिनं बंद केली नाहीत, अर्धी केली. मग मी गाडीतच चटई ठेवायला लागलो. ट्रक थांबतात त्या तळावर ट्रेलरच्या आडोशाला ती टाकायची, हात जमिनीवर, ढुंगण आभाळात — कुत्रं झोपून उठलं की आळस देतं ना, ते आसन. जाणारा-येणारा ड्रायव्हर विचारणारच, ‘काय लायल, चष्मा पडला का गाडीखाली?’ एक जण तर ओरडला, ‘अरे, दोघं-तिघं या रे, म्हातारा अडकलाय!’ म्हटलं ओरडा. सहा महिन्यांनी तोच मला बाजूला घेऊन विचारतोय, लायल, क्लास किती वाजता असतो?

आता दोनशे अडुसष्ट आहे. रक्तदाब उतरला, गुडघे दुखत नाहीत, जिना चढून माडीवर जातो आणि वर गेल्यावर बोलू शकतो. सही करेलच डॉक्टर. का नाही करणार? फक्त गळा. गळा मोजतात ना हे लोक — तुमचा नाही मोजणार, तुम्ही काडी आहात — जाड गळा दिसला की यांच्या डोक्यात येतं, याचा झोपेत श्वास अडकत असणार. मग झोपेची तपासणी, डोक्याला वायरी, निकाल येईपर्यंत गाडी बंद, आणि त्यानंतर जन्मभर तोंडावर हवेच्या यंत्राचा मास्क लावून झोपायचं, हत्तीची सोंड लावल्यासारखं. आमचा डॉक्टर सतरा इंचांपर्यंत ठीक म्हणतो. माझा साडेसतरा भरतो. व्हर्नाची शिवणाची टेप घेऊन रोज सकाळी आरशासमोर उभा राहतो — आज जरा आवळून धरली तर सव्वासतरा आला. पण मला झोपेचा त्रास नाही, बरं का. उलट झोप इतकी चांगली की पाठ टेकली की माणूस गायब. क्लासात तर प्रसिद्ध होतो मी त्यासाठी.

शवासन माहीत आहे? सगळं झालं की शेवटी पाठीवर पडायचं, हातपाय सोडून द्यायचे, मेल्यासारखं. बायकांना नाही जमत ते. कुणाला मटण फ्रीझरमधून काढायचं आठवतं, कुणाला मुलीचा फोन. आणि मी? अर्ध्या मिनिटात गार. जोलीन सगळ्यांना सांगायची, ‘लायलकडे बघा, कसं सोडून देतो शरीर! याला म्हणतात शवासन.’ मला काय आनंद व्हायचा सांगू — आयुष्यात कुठल्याच वर्गात माझा पहिला नंबर आला नव्हता. मग एका गुरुवारी डोळे उघडले तर माडी रिकामी. चटया गुंडाळून बायका गेलेल्या, आणि माझ्याशेजारी क्लासातलीच इर्मा गुडघे टेकून बसलेली. एकोणऐंशीची आहे इर्मा, जन्मभर रात्रपाळीची नर्स होती. एक हात माझ्या छातीवर आणि डोळे मनगटावरच्या घड्याळावर. म्हटलं, काय गं, किती वेळ झोपलो? म्हणाली, ‘बारा मिनिटं. त्यात नऊ वेळा तुझा श्वास थांबला. सगळ्यात लांब थांबला तो एक्केचाळीस सेकंद. मी तुला थोबाडीत मारणार होते, लायल, हात उचलला होता.’ मी हसलो. म्हटलं, वजन उतरतंय ना, त्याबरोबर जाईल ते. ती म्हणाली, ‘उतरव की, छान उतरवतोयस. पण गळ्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागेल, आणि तुला तेवढा वेळ नाही. ज्याला तू शवासन समजतोस ना, ते आसन नव्हे. आणि एकटा मेलास तर त्यातल्या त्यात बरं म्हणायचं.’

एकटा मेलास तर बरं! बोलायची रीत आहे का ही? आता मी शवासनाच्या आधीच उठतो. गाडी भरायचीय म्हणून सांगतो. जोलीनला वाईट वाटतं, तिचा पहिला नंबर उठून जातो ना. घरीही आडवा होत नाही, खुर्चीतच टेकतो, कारण डोळे मिटले की मी मोजायला लागतो — अडतीस, एकोणचाळीस, चाळीस — आणि दचकून उठतो. व्हर्नाला सांगितलंय पाठीत उसण भरलीय. — दिवसा? नाही हो, दिवसा कुठं! दिवसा कॉफी असते, काच खाली केलेली असते, मांडीला चिमटे काढतो, मोठ्यानं गातो. दिवसा कधीच — म्हणजे एकदा. एकदाच. तसं बघितलं तर तीनदा, पण पहिल्या दोन वेळा चाक रस्त्याच्या कडेला गेलं आणि खडखडाटानं जाग आली, ते कुणाचंही होतं.

बाई, तुमची बस कुठल्या बाजूला असते? उत्तरेला? नक्की? नाही, सहज विचारतोय. ती दक्षिणेकडची होती. सतरा दिवस झाले. तीन वाजून दहा मिनिटं, ऊन, सरळ दुपदरी रस्ता, मागे जनावरांच्या खाद्याचं वजन. मी गात होतो. खरंच गात होतो, आणि ओळ संपलीच नाही — पुढची गोष्ट म्हणजे समोर सगळं पिवळं. बस थांबलेली, लाल दिवे लागलेले, बसच्या बाजूची ती ‘थांबा’ लिहिलेली पाटी बाहेर आलेली. किती वेळ लागलेले होते कोण जाणे. मी ब्रेकवर उभा राहिलो, बाई, अक्षरशः उभा. ट्रेलर मागून वळवळतोय, रबर जळतंय, आणि मागच्या काचेत एक मुलगी नाक चेपून मला वाकुल्या दाखवतेय. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. मला दिसले ते. इतक्या जवळ. थांबली गाडी. थांबली! कुणाला काही झालं नाही, ओरखडा नाही. मुलं उतरली, रस्ता ओलांडून गेली, आणि त्या बसवालीनं — ती तुमच्याच वयाची असेल — तिनं खिडकीतून हात बाहेर काढून मला हात केला. थांबल्याबद्दल आभार म्हणून! तुम्ही करता का तसा हात? करता? — मीही केला. मी तिला हात केला, बाई, आणि ती निघून गेली, आणि मी तिथं वीस मिनिटं बसून होतो. मग चटई काढली आणि रस्त्याच्या कडेला गवतात सूर्यनमस्कार घातले. दुसरं काय करावं तेच सुचेना. म्हटलं, अजून पंचवीस पौंड उतरले की होईल सगळं ठीक, पंचवीसच तर राहिलेत.

कुणाला नाही सांगितलं. व्हर्नाला नाही, इर्माला नाही. तुम्हाला का सांगतोय देव जाणे — तुम्ही नुसतं वजनाचं विचारलंत. अर्जावर? अर्जावर काय लिहिलं म्हणजे? विचारलंय त्यांनी, हो — गाडी चालवताना कधी डोळा लागलाय का. ‘नाही’ लिहिलं. सगळेच लिहितात ‘नाही’. तुम्ही नाही लिहिलं? तुमचं खरंच ‘नाही’ असेल, तुमची गोष्ट वेगळी. — असं बघू नका. उद्या पहाटे मला विचिटाला निघायचंय, भरून ठेवलीय गाडी. त्या बाजूलाही बसेस असतात. माहीत आहे मला. मला काय माहीत नाही का?

हो, मीच. श्रोडर. आलो. — नाही बाई, तुम्ही उठू नका, तुम्ही काही सांगायला नको, मी सांगतो. सांगेन म्हणतोय ना. तुम्ही इथंच बसा, याच खुर्चीवर. — सिस्टर, ते दार लावू नका. राहू दे उघडं. थंडी येऊ दे, लोक बघू देत, मी आत काय बोलतो ते या बाईंना ऐकू आलं पाहिजे. नाही, उघडंच ठेवा. लावलंत तर मी बोलणार नाही.